मामांची पद्मिनी: काळे प्लग आणि हिवाळ्याचा मुक्काम

२४ ऑगस्ट २०२५

गाडी: प्रीमियर पद्मिनी, १९८४. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. नंबर एमएच १३ सुरू व्हायच्या आधीचा, जुन्या सिरीजचा. मालक: माझे मामा. मुक्काम: सोलापूरच्या साखर पेठेत घरामागची पत्र्याची शेड. शेडच्या एका बाजूला भिंत, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना.

तक्रार: मिसिंग, म्हणजे मधूनमधून सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं चुकणं. सकाळी सुरू होते, पण पार्क चौकापर्यंत जाईतो आचके द्यायला लागते. सिग्नलला थांबली की बंद. परत स्टार्ट मारला की पेट्रोलचा वास. मामांचं निदान तयार आहे: "प्लग गेले बे, चार नवे आण." प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा पुर्जा, चार सिलिंडरना चार. जूनमध्येही हेच निदान होतं आणि तेव्हाही चार नवे आणले होते. अडीच-तीन महिन्यांत चारही प्लग एकदम जातात, तेही गाडी शंभर किलोमीटरसुद्धा चालली नसताना, तेव्हा दोष प्लगचा नसतो.

घाई अशासाठी की नोव्हेंबरमध्ये मामा-मामी मेलबर्नला ताईकडे जाणार, ते थेट फेब्रुवारीत येणार. तेवढे दिवस गाडी उभी राहणार. आजारी गाडी तशीच झाकून ठेवायची माझी तयारी नाही, म्हणून ही नोंदवही.

मामांना ही गाडी का सोडवत नाही, तेही लिहून ठेवतो. प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ मध्ये, कारखाना कुर्ल्याला. आणि वालचंदशेठ जन्मले सोलापुरात, १८८२ साली. "इटलीची म्हणून काय झालं, आपल्या गावच्या माणसाची गाडी हाय," हे वाक्य घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकलंय. फियाट ११०० चीच ही भारतीय आवृत्ती. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं.

२६ ऑगस्ट २०२५

उद्या गणपती, त्यामुळे शेड आवरायच्या निमित्ताने गाडीलाही हात लावला. इंजिन थंड असताना चारही प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. रेडिएटरकडून पहिला. क्रम चुकला तर प्लग काढण्यात अर्थ उरत नाही, म्हणून प्रत्येकाच्या खाली खडूने आकडा.

१, २ आणि ४: कोरडा, मऊ, काजळ धरल्यासारखा काळा थर. बोट फिरवलं की बोट काळं, चिकटपणा नाही. हा कार्बन. म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, किंवा इंजिन कधी नीट तापतच नाही, किंवा दोन्ही.

३: काळाच, पण ओला आणि चमकणारा. बोटाला तेलकट लागतो, वास पेट्रोलचा नाही, जळक्या ऑइलचा.

चारही एकसारखे काळे असते तर सगळा रोख कार्बोरेटरवर गेला असता. एकच वेगळा आहे म्हटल्यावर दोन दुखणी आहेत. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर एक दुरुस्त करून दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसलो असतो.

मल्टिमीटर लावला. प्लगचं वरचं टोक आणि बाहेरची लोखंडी बॉडी यांच्यात खरं तर मीटरने काहीच दाखवायला नको, कारण मधे चिनी मातीचं इन्सुलेटर आहे. नवा प्लग लावून पाहिला, मीटर ढिम्म. पहिल्या नंबरचा लावला तर साडेतीनशे किलोओहमच्या आसपास. काजळी ही वीजवाहक असते. कॉइलने तयार केलेले हजारो व्होल्ट गॅपमधून उडी मारण्याऐवजी त्या काळ्या थरावरून गुपचूप बॉडीत उतरतात, व्होल्टेज चढायच्या आतच गळून जातं. बाहेर काढून बॉडीला टेकवून पाहिलं तर ठिणगी दिसते, कारण मोकळ्या हवेत उडी मारणं सोपं असतं. सिलिंडरच्या आत दाबाखाली तीच ठिणगी पडत नाही. म्हणून "करंट तर येतोय की" हे ऐकून कुणी निश्चिंत होऊ नये.

इन्सुलेटरचं नाक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावर बसलेला कार्बन आपोआप जळून जातो. ८५०-९०० च्या पुढे गेलं तर उलटा धोका, प्लगच निखाऱ्याचं काम करतो आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं. ह्या दोन आकड्यांच्या मधे प्लग राहिला पाहिजे. शेडमध्ये स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता जागच्या जागी, चालणाऱ्या इंजिनात तो खालच्या आकड्यापर्यंत पोचतच नाही.

आणि मामा काय करतात? पावसाळ्यात चिखल लागतो म्हणून गाडी फारशी बाहेर काढत नाहीत. दर रविवारी आंघोळ, पूजा झाली की चोक (हवा अडवून पेट्रोल वाढवणारी झडप) ओढून स्टार्ट मारतात, दहा मिनिटं घुर्रघुर्र, मग बंद. जूनपासून हेच.

३१ ऑगस्ट २०२५

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं. गेज विजापूर वेशीजवळच्या चाचांकडून आणलं. चाचा ह्या गाड्यांवर चाळीस वर्षं काम करतायत. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ.

१२०, १२०, ११५, १२०. पौंडांत.

तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं, १२०. फरक किरकोळ. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर कोरडा आकडा बराच खाली असता आणि ऑइल टाकल्यावर एकदम चढला असता. म्हणजे तिसऱ्यातलं ऑइल खालून येत नाही. मग वरून. संशय इन्लेट व्हॉल्वच्या गाईडवर, म्हणजे व्हॉल्वची दांडी ज्या नळीत वरखाली होते तिच्यावर.

कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे पॉइंट पाहिले, थोडे खड्डे पडलेत, नवे टाकले, गॅप ०.४ मिमी. कंडेन्सर बदलला. ह्यात विशेष काही नाही.

७ सप्टेंबर २०२५

आज एअर फिल्टर उघडला आणि बसलेल्या जागी हसू आलं.

फिल्टरच्या कागदाला बाहेरून एक सलग थर होता. नखाने कड उचलली आणि हळूच ओढलं, तर वीतभर तुकडा अखंड निघून आला. नमदाच म्हणा. वरून राखाडी, उलटा केला तर आत गुलाबी, पांढऱ्या आणि थोड्या निळ्या धाग्यांचे बारीक केस. शेजाऱ्यांच्या मागावर ह्या वर्षी गुलाबी काठाचे टॉवेल निघतात, ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. भिंतीच्या वर पत्र्याखाली जी फट आहे तिथून ती रुई शेडमध्ये उतरते, आणि दर रविवारी दहा मिनिटं आमची पद्मिनी ती ओढून घेते.

फिल्टर चोंदला की इंजिनला हवा ओढायला जोर लागतो. कार्बोरेटरच्या नळीत पोकळी वाढते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढलं जातं. कायम थोडा चोक ओढून ठेवल्यासारखं. धुळीच्या गावात फिल्टर लवकर बदलायला सांगतात. सोलापूरच्या पूर्व भागात धुळीच्या जोडीला रुईही धरावी.

नवा फिल्टर घातला. शेजारच्या काकांना फटीबद्दल बोललो, ते म्हणाले जाळी मारून देतो. त्यांच्या पोराने संध्याकाळपर्यंत मारलीसुद्धा.

चोकची केबलही पाहिली. डॅशबोर्डवरचा नॉब पूर्ण आत जातो, पण कार्बोरेटरवरचा लिव्हर पाव इंच आधीच अडकतो. आतली तार गंजलेली. म्हणजे चोक खऱ्या अर्थाने कधी बंदच होत नव्हता. नवी केबल सांगितली.

आणि तिसरी गोष्ट, जी कुणाच्या तरी हातची आहे. मिक्श्चर स्क्रू नेहमीपेक्षा बराच बाहेर सोडलेला. मामा म्हणाले, मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये "आता पंपावर ई-२० येतंय, गाडी पातळ चालते" म्हणून करून दिलं होतं. त्या माणसाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. नुसत्या पेट्रोलला वजनाने एकास १४.७ हवा लागते, २० टक्के एथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. जेट तेच ठेवून ई-२० जाळलं तर मिश्रण थोडं पातळ होणारच. पण तो स्क्रू फक्त स्लोचं मिश्रण ठरवतो. रस्त्यावर गाडी मेन जेटवर चालते, तिथे स्क्रूचा जवळपास संबंध नाही. म्हणजे रस्त्यावर गाडी होती तशीच, आणि शेडमध्ये उभी असताना जास्तीचं पेट्रोल. ज्या गाडीचं सगळं आयुष्य स्लोवर चाललंय तिच्यासाठी ह्याहून वाईट सेटिंग नाही.

१४ सप्टेंबर २०२५

नवी केबल, नवा फिल्टर, स्क्रू जागेवर, नवे प्लग, गॅप ०.६ मिमी. तारेच्या ब्रशने जुने प्लग घासून वापरायची इथे सर्रास पद्धत आहे. मी नाही केलं. ब्रशची बारीक धातूची रेघ इन्सुलेटरवर उमटते आणि तीही वीज वाहते. काजळी काढून तिच्या जागी लोखंड लावायचं, ह्यात काय मिळवलं?

परीक्षा तुळजापूरच्या रस्त्यावर. मामी म्हणाल्या, जातोच आहात तर देवीला जाऊन या, नवरात्रात गर्दीत शिरता येणार नाही. मामा शेजारी बसले, मागून मामेभाऊ मोटारसायकलवर. त्याला सांगितलं होतं: फक्त सायलेन्सरकडे बघ, बाकी काही नको.

जाताना घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावला. एक आचका नाही. वर मोकळ्या जागी चढतं इंजिन तसंच बंद करून गाडी कडेला घेतली. स्लोवर येऊ द्यायचं नाही, नाहीतर प्लगवर स्लोचा रंग चढतो आणि चढाचा पुसला जातो. हातमोजे घालून प्लग काढले. १, २, ४: इन्सुलेटर फिकट तपकिरी, कडेची रिंग राखाडी. हवा तोच रंग. मामांनी चष्मा वर करून तिन्ही पाहिले, काही बोलले नाहीत.

३: काळा. ओला.

परत येताना घाट उतरताना मुद्दाम तिसऱ्यात, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून. उतार संपला तिथे दाबलं. मामेभावाने हॉर्न वाजवला. "निळा धूर, भकाभका, मग बंद." हेच हवं होतं. पाय काढून उतरताना इनटेकमध्ये पोकळी सगळ्यात जास्त असते, झिजलेल्या गाईडच्या फटीतून ती वरचं ऑइल खाली ओढून घेते, साठलेलं ऑइल नंतर एकदम जळतं. रिंगांचा धूर असा थांबून येत नाही, जोर लावला की येतच राहतो.

आणि स्लोवर उभ्या गाडीतही इनटेकची पोकळी मोठीच असते. म्हणजे रविवारची पूजा तिसऱ्या सिलिंडरलाही भोवत होती.

२८ सप्टेंबर २०२५

काम बंद. सीना नदीला पूर, जिल्हाभर हाल. मामेभावाच्या सासरचं शेत पाण्यात. गाडीचं कोण बघतो.

५ ऑक्टोबर २०२५

चाचांकडे गाडी नेली. त्यांनी निळा धूर एकदा पाहिला आणि हेड, म्हणजे इंजिनचं व्हॉल्ववालं वरचं झाकण, उतरवायला लागेल म्हणाले. गाईड काढून नवे ठोकायचे, रीमर मारायचा, व्हॉल्वचं सीट बसवायचं. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडे रांग, आणि घाईत उघडलेलं हेड मला नको. ठरलं की हेड उन्हाळ्यात.

तोपर्यंत तिसऱ्याचं काय? चाचांनी एक नंबर गरम प्लग सुचवला, फक्त तिसऱ्याला. ज्याच्या इन्सुलेटरचं नाक लांब, त्याची उष्णता हेडकडे हळू जाते, तो जास्त तापलेला राहतो आणि आलेलं ऑइल जाळून टाकतो. हाच गरम प्लग. नंबरांत मात्र लोक फसतात: एनजीकेमध्ये आकडा कमी तेवढा प्लग गरम, म्हणजे ६ पेक्षा ५ गरम. बॉशमध्ये बरोबर उलटं, ७ पेक्षा ८ गरम. एका कंपनीचा आकडा डोक्यात ठेवून दुसरीचा प्लग मागितला की नेमकं नको ते हातात येतं.

गावात फिरायला आणि अक्कलकोटपर्यंत जायला हे चालेल. भर उन्हात पुण्याला ऐंशीच्या स्पीडने न्यायची असती तर मी नाही म्हटलं असतं.

मामांच्या पत्र्याच्या डब्यात जुने मायकोचे प्लग निघाले, खोक्यासकट. मायको म्हणजेच आताची बॉश, २००८ मध्ये नाव बदललं. वापरलेले आहेत, पण एका कामाला येतील. ते नोव्हेंबरात.

चाचा निघताना मामांना म्हणाले, "मालक, हिला पळवा नाहीतर झोपू द्या. उगं उठवून बसवू नका."

मामांना ते लागलं. मला आत म्हणाले, "ह्याच्या दुकानात मी यामाहा आरएक्स असल्यापासून येतोय."

१९ ऑक्टोबर २०२५

दिवाळी. फराळाला बसल्यावर विषय निघालाच. मामांनी शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय की ते नसताना दर रविवारी स्टार्ट मारायचा. "बॅटरी उतरते, ऑइल खाली बसतं, इंजिन जाम होतं. माझ्या वडिलांनी हेच केलं."

वडिलांच्या काळी ॲम्बॅसेडर रोज कोर्टात जायची, हा मुद्दा मी गिळला.

त्याऐवजी त्यांना शेडमध्ये नेलं. त्यांच्याच पद्धतीने स्टार्ट, चोक, दहा मिनिटं. सायलेन्सरच्या तोंडाखाली पांढरी फरशी ठेवली. सुरुवातीला काळे शिंतोडे, मग थेंब, मग चक्क पाण्याची धार लागली आणि फरशीवर काजळीचं काळं तळं साचलं. मामांनी बोट बुडवून वास घेतला. "पाणीच हाय की."

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन, दुसरं काही नाही. लांब गेलं की सायलेन्सर तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. दहा मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून खातं. तेच पाणी थोडंफार क्रँककेसमध्येही उतरतं, चोकचं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये जातं. डिपस्टिक काढून त्यांच्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास त्यांनाही आला. बॅटरीचं म्हणाल तर एका स्टार्टला जेवढा करंट जातो तेवढा स्लोवर दहा मिनिटांत धड भरूनही येत नाही.

मामा बराच वेळ त्या फरशीकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं, मग झाकायची कशी ते सांग."

२ नोव्हेंबर २०२५

झाकायची तयारी. गाडी साठवण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं: रस्त्यावरचं मीठ, रेडिएटरमधलं पाणी गोठून ब्लॉकला तडा, असलं. आपल्याकडे डिसेंबरची रात्र फार तर बारा-पंधरा अंशांवर जाते, गोठायचा प्रश्नच नाही. उलट सोलापुरात गाडी उभी ठेवायला हिवाळ्याइतका कोरडा आणि बरा काळ नाही. पावसाळाच खरा वैरी. इथले शत्रू वेगळे: उंदीर, धूळ, रुई आणि काळजी करणारे नातेवाईक.

केलेली कामं, जशी झाली तशी:

अक्कलकोट रोडला वळसंगपर्यंत जाऊन इंजिन पूर्ण तापवून आणलं आणि गरम असतानाच ऑइल काढलं. काळं आणि पातळ. नवं ऑइल आणि फिल्टर आत्ताच घातला, फेब्रुवारीत नाही. जुन्या ऑइलमधली आम्लं आणि पाणी चार महिने बेअरिंगवर बसवून ठेवायची नाहीत.

टाकी काठोकाठ. अर्ध्या टाकीत वरची हवा रात्री थंड होते, तिच्यातली ओल पत्र्यावर बसते. एथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर झालं की पाणी व एथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. तळालाच पंपाची नळी. हे एथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून निघतं, त्यामुळे त्याला शिव्या घालायला घरात बंदी आहे, मामांचा ऊस जातो. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे जुने रबरी पाइप दाबल्यावर तडकले. एथेनॉलला टिकणारे नवे टाकले. नंतर पंपाचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेतो चालवलं, म्हणजे फ्लोट चेंबर, कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, रिकामं. नाहीतर तिथलं पेट्रोल उडून जाऊन मागे डिंक राहतो आणि स्लो जेट बुजतो.

कूलंट बदलला. गोठण्यासाठी नाही, गंजासाठी.

८ नोव्हेंबर २०२५

मामा-मामी परवा निघणार. शेवटचा हात.

चांगले प्लग काढून पुसून कपाटात. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकलं, कॉइलची तार काढून चौथ्या गिअरमध्ये गाडी दोन हात पुढे-मागे ढकलली, म्हणजे ऑइल भिंतींना लागतं. आणि भोकं बुजवायला मामांच्या डब्यातले जुने मायकोचे प्लग. ऑइलमुळे खराब होतील ते हेच होतील.

टायरला ४० पौंड हवा. हँडब्रेक सोडलेला, चाकांना लाकडी ठोकळे. ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत बारीक जाळी. बॉनेटमध्ये डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या, पण माझा भरवसा जाळीवर जास्त. स्टिअरिंगला लाल फडकं बांधून चिठ्ठी: "सायलेन्सर बंद आहे. ऑइल सिलिंडरमध्ये आहे. स्टार्ट मारू नये."

कव्हर प्लास्टिकचं नको म्हटलं, त्यात ओल कोंडते. मामींनी चार जुन्या सोलापुरी चादरी जोडून शिवून दिल्या. मोरांची नक्षी नेमकी बॉनेटवर आली.

बॅटरी काढून मी घरी नेली. हे मामांना सांगितलं नाही.

१५ जानेवारी २०२६

गड्ड्यामुळे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे, गावात गर्दी, गाडी लावायला जागा नाही, चालतच साखर पेठेत गेलो. मामा तिकडे अक्षता सोहळा मोबाइलवर बघून रडवेले झाल्याचं मामी सांगत होत्या.

चादरी उचलून पाहिलं. टायर जराही बसलेले नाहीत, ३८ पौंड. उंदराच्या लेंड्या एका कोपऱ्यात, वायरी शाबूत. चादरीवर बोटभर रुई, म्हणजे जाळी लावूनही येतेच. बॅटरी माझ्याकडे १२.५ व्होल्टवर आली होती, रात्रभर चार्जर लावून १२.७.

शेजारचं पोरगं येऊन उभं राहिलं, चेहरा पडलेला. "दादा, मामांचा व्हिडिओ कॉल आला होता डिसेंबरात. म्हणले एकदाच मार स्टार्ट, ह्याला सांगू नको. मी बॉनेट उघडलं तर बॅटरीच न्हाई. मामा म्हणले चोरी झाली, पोलिसात जाऊ या."

त्याला कटिंग चहा पाजला.

२२ फेब्रुवारी २०२६

मामा परतले. बॅटरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीही नाही.

उठवण्याचा क्रम: जाळ्या काढल्या, लाल फडकं काढलं. मायकोचे प्लग बाहेर, ऑइलने माखलेले. प्लग नसतानाच, कॉइलची तार काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सेल्फ. भोकांवर फडकं धरलं होतं, त्यावर ऑइलचे फवारे. कपाटातले प्लग बसवले, तिसऱ्यात गरमवाला. पंपाचा पाइप जोडून फ्लोट चेंबर भरू दिलं. चोक, सेल्फ, दुसऱ्या दमात सुरू. शेडभर पांढरट निळा धूर, सिलिंडरमधलं ऑइल जळत होतं ते. मामी खोकत बाहेर आल्या.

स्लोवर ठेवलीच नाही. चोक आत, मामांना चाकाशी बसवलं आणि थेट वळसंगचा रस्ता. कारखान्यांचा भाग मागे पडला तशी धुराची रेघ पातळ होत गेली आणि थांबली. मामा पन्नासवर गाडी ठेवून गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हिला व्हिंटेजची नंबरप्लेट मिळते का रे?" केंद्राच्या २०२१ च्या नियमात गाडी ५० वर्षांची लागते, म्हणजे २०३४. "मग आठ वर्षं थांबतो," म्हणाले, वय ७४.

वळसंगला चहाच्या टपरीवर प्लग काढले. १, २, ४ फिकट तपकिरी. ३ ला कडेने काळी कडी आहे, पण कोरडी. मीटर चौघांवरही ढिम्म.

शिल्लक काम: चाचांकडे एप्रिलचा नंबर लावला, हेड आणि गाईड. तोवर ऑइल दर पंधरवड्याला बघायचं. चोकची नवी केबल दोन इंच लांब आहे, वळण येऊन परत अडकेल, ती कापून घ्यायची. शेजाऱ्यांच्या भिंतीवरची जाळी बारीक घरांची हवी, ह्या जाळीतून गुलाबी धागा आरामात येतो.